डोळ्यातला दुसरा ठिपका

१

खर्र... खर्र... असा तो आवाज होता. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. पातेल्याच्या बुडाला लागलेलं दूध कुणी हलक्या हातानं खरवडत बसावं, तसा. गावाचे फोटोकाका तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असतील. वडिलांच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीचं दार बंद होतं आणि ते दाराला कान लावून उभे होते.

आत वडील फोटोच्या काचेच्या निगेटिव्हवरून पात्यानं एक माणूस खरवडून काढत होते. सकाळी एक कुटुंब आलं होतं. त्यांचा सगळ्यांचा मिळून एक फोटो दोन वर्षांपूर्वी याच स्टुडिओत काढलेला होता. त्यातल्या एकावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा नको." का नको, ते वडिलांनी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला तोंड वर करायला सांगावं, हनुवटी खाली घ्यायला सांगावी, कारण विचारू नये, असं ते म्हणत.

दार उघडलं तेव्हा पात्यावर काळी भुकटी होती. वडिलांनी ती फुंकर मारून उडवली.

"काय ऐकत होतास रे?"

"काही नाही."

"खरवडायच्या आधी दहादा बघावं," वडील म्हणाले. "खरवडलेलं माणूस परत चिकटत नाही."

पोरानं मान हलवली. पोरं मान हलवतातच.

पुढे मिसरूड फुटल्यावर वडिलांनी त्यांना धंद्यातली आणखी एक गोष्ट शिकवली. स्टुडिओत दोन दिवे असत, म्हणून बसलेल्या माणसाच्या डोळ्यात दोन पांढरे ठिपके उमटत. त्यातला एक बारीक कुंचल्यानं पुसून टाकायचा. "डोळ्यात एकच दिवा हवा," वडील सांगत. "दोन दिसले की माणूस खोटा वाटतो." काकांनी पुढची चाळीस वर्षं हजारो लोकांच्या डोळ्यांतला दुसरा ठिपका पुसला. लग्न ठरायचं असलेल्या मुली, नोकरीला निघालेले मुलगे, आजारी म्हातारे. हाताला इतकं वळण पडलं होतं, की दोन ठिपके दिसले की विचार मागे राही आणि हात पुढे जाई.

२

स्टुडिओ बंद करून आता नऊ वर्षं झाली होती. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आल्यावर फोटो काढून घ्यायला कोण येणार? काकांनी शटर ओढलं आणि कुणावर राग धरला नाही. माणसांचे चेहरे पुष्कळ झाले, आता पक्ष्यांचे काढू, म्हणाले. गावातले लोक हसले. पण फोटोकाकांवर लोकांचा जीव होता, म्हणून तोंडावर कुणी हसलं नाही.

पक्षी उडताना, पक्षी मासा पकडताना, असले फोटो त्यांना नको असत. त्यांना चेहरा हवा असे. ओहोटीच्या वेळी खाडीचा गाळ उघडा पडला, की त्यावर छोटे पक्षी चरायला उतरत. गळ्यात काळा पट्टा घातलेला मुठीएवढा चिखल्या, शेपूट हलवत चालणारा तुतवार, तांबड्या लांब पायांचा शेकाट्या. काका रबरी कपडे चढवून गाळात पालथे पडत. कॅमेरा एका जुन्या फ्रायपॅनमध्ये घट्ट बसवलेला होता. दांडा धरून पॅन पुढे सरकवायचं, आपणही कोपरांवर वीतभर सरकायचं, मग थांबायचं. असं पाव तास, अर्धा तास. उभ्या माणसाला पक्षी भितो, पडलेल्याला भीत नाही. शेवटी चिखल्या दहा हातांवर येऊन उभा राही आणि काका त्याच्या डोळ्याला डोळा लावत. भिंग मोठं होतं. त्यात चेहरा स्वच्छ येई आणि पाठीमागचं सगळं, गाळ, पाणी, पलीकडचा किनारा, साखर चहात विरघळावी तसं विरघळून जाई. माणसाच्या फोटोमागे जसा कोरा पडदा, तसा.

"फ्रायपॅन माझं," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "चांगलं जड पॅन होतं हो. नेलं चिखलात. उद्या मला पण नेतील."

आणि खरंच नेलं. गेल्या वर्षी काकांना गाळात चक्कर आली. जवळच्या तळ्यांवरच्या राखणदारानं ओढून बाहेर काढलं. मग परगावच्या लेकीनं फोनवर निक्षून सांगितलं, "आई सोबत असेल तरच जायचं, नाहीतर कॅमेरा विकून टाकते." तेव्हापासून काकू रोज बरोबर येत. गुडघे दुखत असल्यानं बांध चढताना तीनदा थांबत, हात गुडघ्यावर टेकून शिव्या देत. वर भरतीची खूण करायला रोवलेला एक खांब होता. त्याच्याजवळ घडीची खुर्ची टाकून, पिवळी शाल लपेटून, थर्मास मांडीवर घेऊन त्या बसत. आणि बोलत. ऐकायला कुणी असो वा नसो.

"अहो बगळोबा! मेलात का जिवंत आहात?"

काका गाळातून एक बोट वर करत. म्हणजे जिवंत.

"बरं. मग चहा थंड होतोय."

या बोटावर आणि या बोलण्यावर त्यांचा संसार चालला होता. काका मुळात कमी बोलणारे. आपल्या वाटचं बोलणं त्यांनी बायकोला देऊन टाकलं होतं.

३

फोटो घरी आल्यावर काका ते कॉम्प्युटरवर मोठे करून बघत. आधी डोळा बघत, मग बाकीचं. सवय.

चिखल्याचा डोळा वाटाण्याएवढाही नसतो. पण काळाभोर आणि ओला, त्यामुळे समोरचं सगळं त्यात उमटतं. वर पांढरं आभाळ, खाली तपकिरी गाळ, मधे एक काळा गोळा. तो गोळा म्हणजे पालथे पडलेले काका. त्याच्या मागे बांधाची रेघ, आणि रेघेवर, फोटो फार मोठा केला की दिसतात तसले तीन-चार पिवळे चौकोन. तेवढ्याच काकू. पहिल्यांदा ते चौकोन दिसले तेव्हा काका बराच वेळ नुसते बघत बसले होते. समुद्र ओलांडून येणारं एवढंसं पाखरू, त्याच्या डोळ्यात आपण दोघं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. तिनं गावभर केलं असतं.

त्या दिवशी डोळ्यात दोन पिवळे ठिपके होते.

एक बांधाच्या रेघेवर, नेहमीच्या जागी. दुसरा डोळ्याच्या पार कडेला, जिथे गाळ संपून पाणी लागतं तिथे. काकांनी चष्मा पुसला, पडदा पुसला. ठिपका राहिला. असेल काहीतरी. भिंगावर धूळ असेल, चिखलाचा शिंतोडा असेल, उन्हाची तिरीप असेल. एवढा विचार होईपर्यंत हात पुढे गेलाही होता आणि दुसरा ठिपका पुसून झालाही होता.

मूळ फोटोची एक प्रत वेगळी ठेवावी, मगच हात लावावा, असं लेकीनं त्यांना तीनदा शिकवलं होतं. काकांना ते पटत नसे. वडील काचेवर काम करायचे. काचेची कुठली प्रत? जे करायचं ते मूळ चीजेवर करायचं. तशानं हात जपून चालतो. कॉम्प्युटरवर पुसताना आवाज होत नाही, एवढंच काय ते त्यांना रुचत नसे.

त्या आठवड्यात त्यांनी सहा फोटो पुसले. सहाही वेगवेगळ्या दिवसांचे. धूळ असती तर एकाच जागी आली असती. हा ठिपका दर खेपेला थोडा आत सरकलेला असे. पाण्याच्या कडेवरून गाळावर. गाळावरून बांधाच्या दिशेनं.

सहावा पुसल्यावर काका स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तिकडे तुझ्याजवळ कुणी येतं का गं?"

"येतो की. एक राजबिंडा तरुण येतो. घोड्यावरून."

"खरं सांग."

"कोण येणार हो? एक राखणदार, तो लांबूनच हात करतो. एक मी आणि एक गाळात पडलेला तुमचा पाठीमागचा भाग. तेवढंच बघत बसते दोन तास." मग त्यांनी वळून पाहिलं. "का? काय झालं?"

"काही नाही. उजेडाचं काहीतरी आहे."

४

डोळ्यांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांच्या पहिल्या पासपोर्टचा फोटो काकांनीच काढला होता.

"मोतीबिंदू आहे काका, दोन्हीकडे. अजून पिकला नाही. दिव्याभोवती वलय दिसतं का?"

"दिसतं."

"एकाचे दोन दिसतात?"

काकांनी जरा विचार केला. "कधी कधी."

"मग झालं तर. पुढच्या महिन्यात काढून टाकू. तोवर दोन काकू दिसल्या तर घाबरू नका."

"एक आहे तीच पुष्कळ आहे," काकू म्हणाल्या आणि दोघी खळखळून हसल्या. काकाही हसले. जिना उतरताना त्यांना फार हलकं वाटलं. दुखण्याला नाव मिळालं की निम्मं दुखणं तिथेच बरं होतं.

दुसऱ्या दिवशी बांधावर राखणदार भेटला. कोळंबीच्या तळ्यांवर तो पहारा करी. काकांना ओढून काढलेल्या दिवसापासून आपला यांच्यावर थोडा हक्क आहे असं त्याला वाटे, आणि ते खरंही होतं. काकू मागे राहिल्या होत्या, अजून बांध चढत होत्या. त्यानं आवाज खाली आणला.

"काका, एक सांगू? राग मानू नका. बाईंना तिकडे पलीकडे जाऊ देऊ नका. तिथला गाळ खोल आहे. गाई जातात त्यात, वर येत नाहीत."

"कुठे पलीकडे?"

"ते काय, पाण्याजवळ. परवा होत्या. कालही होत्या. मी हाका मारल्या, पण वाऱ्यामुळे ऐकू गेलं नसेल."

"ती खुर्चीवरून हलत नाही," काका म्हणाले. "तिचे गुडघे..."

"पिवळी शाल होती," राखणदार म्हणाला. मग त्यानं बांधाखाली गुडघ्यावर हात टेकून धापा टाकणाऱ्या काकूंकडे पाहिलं, मान खाजवली आणि विषय बदलला. भरती किती वाजता आहे ते सांगू लागला. काकांना ते पाठ होतं.

राखणदाराला मोतीबिंदू नव्हता.

५

काकांनी ठरवलं, आता काही दिवस जायचं नाही.

"पाऊल मुरगळलंय," ते म्हणाले.

"कुठलं?"

"डावं."

"सकाळी उजवं लंगडत होतात." काकू त्यांच्यासमोर येऊन बसल्या. "काय लपवताय? डॉक्टरीणबाई काही बोलल्या का माझ्या माघारी?"

"नाही गं."

"मग चला. पंधरा दिवसांत पक्षी परत जातील, मग वर्षभर तोंड पाडून बसाल आणि ते तोंड मलाच बघावं लागेल. माझी काळजी करताय होय? अहो, मला आवडतं तिथे. घरात तर नुसती भिंत."

वर्षभरात आपल्याला तिथे आवडतं असं त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. काकांना नाही म्हणवलं नाही. पुढे त्यांनी हे पुष्कळदा उगाळलं. पाय खरोखरच मोडला असता तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

त्या सकाळी वारा पडलेला होता. काका गाळात उतरण्याआधी बायकोला म्हणाले, "बोलत राहा."

"हे कधीपासून सांगावं लागायला लागलं?"

काका पालथे पडले. पॅन सरकवलं. मागून आवाज येत होता, तो ऐकत ते पुढे जात राहिले. काकूंचं लेकीशी काय बोलणं झालं, शेजारणीचं मांजर कसं माजलंय, नळाचा वायसर कसा पुन्हा गेलाय. एक चिखल्या समोर आला. धावला, थांबला, धावला, थांबला. मग दहा हातांवर येऊन उभा राहिला. पण त्याचं लक्ष काकांकडे नव्हतं. मान जराशी तिरपी करून तो काकांच्या डोक्यावरून मागे बघत होता. स्टुडिओत कुणाचं लक्ष असं उडालं की काका चुटकी वाजवत. इथे चुटकी वाजवता येत नाही.

त्यांनी फोटो काढला.

आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मागचं बोलणं बदललंय. काकू काहीतरी विचारत होत्या, थांबत होत्या, "हो का?" म्हणत होत्या. पुन्हा थांबत होत्या. मग हसल्या.

काकांनी मान वळवली. मान वळवताच समोरचे सगळे पक्षी एकदम उडाले. बांधावर खांब होता. खांबाजवळ खुर्ची होती, खुर्चीत पिवळ्या शालीत काकू होत्या. एकट्या.

"फोनवर होतीस?" चहा घेताना त्यांनी विचारलं.

"फोन घरी राहिलाय," काकू म्हणाल्या. "का हो?"

६

दुपारी ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. काकांनी पडदा ओढला, कॉम्प्युटर लावला आणि चिखल्याचा डोळा मोठा केला. आणखी मोठा केला.

आभाळ. गाळ. काळा गोळा. बांधाची रेघ. रेघेवर एक बारीक उभी काडी, म्हणजे खांब. आणि खांबाच्या दोन्ही बाजूंना एकेक पिवळा ठिपका. दोन्ही एकाच उंचीचे, एकाच आकाराचे. चार चौकोन इकडे, चार चौकोन तिकडे. कुणीतरी शेजारी खुर्ची टाकून बसावं तसे.

इतके दिवस तो ठिपका लांब होता, आता टेकला होता. मोतीबिंदू, त्यांनी स्वतःला सांगितलं. एकाचे दोन. पण मग खांब एकच कसा? काळा गोळा एकच कसा? डोळा दोन दाखवायचाच झाला तर सगळंच दोन दाखवील. एकट्या बायकोला कसं निवडून काढील?

स्वयंपाकघरात नळ चालू होता. काकू भांडी विसळत होत्या.

"अगं, सकाळी खुर्ची खांबाच्या कुठल्या बाजूला होती?"

"काय?"

"खांबाच्या डाव्या बाजूला बसली होतीस की उजव्या?"

"उजव्या. नाही, थांबा. डाव्या." नळाचा आवाज, भांड्यांचा आवाज. "कुणाच्या डाव्या? तुमच्या की माझ्या?"

काकांनी आठवून पाहिलं. मान वळवली तेव्हा खुर्ची दिसली होती, खांब दिसला होता. पण ते पालथे होते, अर्धे वळलेले, आणि बघितलं होतं ते फक्त ती आहे की नाही एवढंच. तेव्हाची डावी बाजू उभ्यानं डावी राहते का? शिवाय आरशात डाव्याचं उजवं होतं. डोळा म्हणजे आरसाच, पण गोल. गोल आरशात काय होतं? काकांनी हातातली पेन्सिल टेबलावर उभी धरली. एका बाजूला खोडरबर ठेवलं आणि डाव्या-उजव्याचा हिशोब बोटांवर करून पाहिला. दोनदा केला. एकदा एक उत्तर आलं, दुसऱ्यांदा दुसरं.

वाट बघता आली असती. उद्या जाऊन खुर्चीचे पाय कुठे रुतल्याच्या खुणा आहेत ते बघता आलं असतं. फोटो तसाच ठेवता आला असता. हे सगळं त्यांना नंतर सुचलं. त्या वेळी एकच दिसत होतं, की ती चीज आपल्या बायकोच्या शेजारी बसली आहे आणि बायको तिच्याशी हसून बोलते आहे. आजवर पुसलं की निदान त्या दिवसापुरतं तरी ते जात होतं. आणि डोळ्यात ठिपके दोन होते.

हात पुढे गेला.

त्यांनी खांबाच्या उजव्या बाजूचा ठिपका पुसला. चार चौकोन. चार वेळा बोट दाबलं. पिवळ्याच्या जागी आभाळ आलं.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

काका ऐकत राहिले. भांडं वाजलं नाही, पाऊल वाजलं नाही. एक माशी पडद्याला धडकत होती, तेवढाच काय तो आवाज. "अगं?" म्हणायला ते खुर्चीतून अर्धे उठले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पदराला हात पुसत काकू दारात आल्या.

"झालं का काम?" त्यांनी विचारलं.

काकांच्या जिवात जीव आला. त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं होतं. "झालं," ते म्हणाले.

"दमलात. जरा पडा आता. मी पाय चेपून देते."

७

त्यानंतरचे आठ दिवस काकांच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, असं कुणालाही वाटलं असतं. काकू प्रेमानं वागत होत्या. आधी वागत नव्हत्या असं नाही, पण त्यांच्या प्रेमाला मिरचीची फोडणी असे. आता ती नव्हती. काकांनी मुद्दाम ओल्या रबरी कपड्यांनी पलंगावर बसून पाहिलं. काकू काही बोलल्या नाहीत. चादर बदलली आणि हसल्या. लेकीचा फोन आला, तेव्हा ती म्हणाली, "आई किती शांत झालीये बाबा! काय जादू केलीत?"

काकांनी स्वतःची समजूत काढली. वय झालं की माणूस निवतं. आपण तरी पूर्वीचे कुठे राहिलो?

तरी ते जेवताना बायकोच्या डोळ्यांकडे बघत. वर छताचा एकच दिवा होता. डोळ्यांत एकेकच ठिपका होता. जिथे असायला हवा तिथे.

नवव्या दिवशी सकाळी काकू स्वतःच म्हणाल्या, "आज जायचं ना?" शाल लपेटून तयार होत्या. बांधाशी आल्यावर काका सवयीनं थांबले, बायकोला धाप टाकायला वेळ द्यावा म्हणून. काकू न थांबता वर चढून गेल्या. वरून त्यांनी मागे पाहिलं.

"गुडघे?" काकांनी विचारलं.

"कसले गुडघे?" त्या म्हणाल्या.

औषध लागू पडलं असेल. काकांनी पॅन उचललं आणि ते गाळात उतरले.

८

पक्षी थोडेच उरले होते. बाकीचे परतीच्या वाटेला लागले होते. काका सरकत सरकत नेहमीपेक्षा बरेच पुढे गेले. गाळ इथे मऊ होता. कोपर रुतत होतं. मागून काही बोलणं येत नव्हतं. नुसतं थर्मासचं झाकण फिरवल्याचं, कपात चहा ओतल्याचं ऐकू येत होतं. पडलेल्या वाऱ्यात ते फार जवळचं वाटत होतं.

एक चिखल्या आला. उभा राहिला. काकांनी फोटो काढला आणि तिथेच, पालथ्यानंच, कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर तो मोठा करून पाहिला.

आभाळ. गाळ. काळा गोळा. बांधाची रेघ, खांब. रेघेवर दुसरं काही नव्हतं. एकही पिवळा चौकोन नव्हता.

त्यांनी सावकाश मान वळवली. बांधावर खुर्ची होती. खुर्चीत पिवळ्या शालीत काकू होत्या. त्यांनी हात वर केला, हसल्या.

काकांनी पुन्हा पुढे पाहिलं. भिंगात चिखल्याचा चेहरा स्वच्छ होता, डोळ्याभोवतीचं कडंसुद्धा. त्याच्या मागे सगळं विरघळलेलं होतं. राखाडी, तपकिरी. आणि त्या राखाडीत एक पिवळा डाग होता.

पाठीमागचं काय आहे हे बघायची वेळ काकांवर कधी आली नव्हती. त्यांची सगळी कला पाठीमागचं नाहीसं करण्यात गेली होती. त्यांनी भिंगावरची कडी बोटानं फिरवली. चिखल्याचा चेहरा धूसर झाला, मग नुसती सावली उरली. मागचा डाग हळूहळू आवळत आला, त्याला कडा आल्या, उंची आली.

पाण्याच्या थोडं अलीकडे ती उभी होती. पोटऱ्यांपर्यंत गाळात. शालीची टोकं चिखलानं जड होऊन लोंबत होती. एक हात गुडघ्यावर टेकलेला, खूप चढण चढून आल्यासारखा. तिच्या पायांशी दोन तुतवार चरत होते आणि भीत नव्हते. ती काकांकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. घरी वेळेवर न आलेल्या माणसाची वाट बघून बघून बाई दारात उभी राहते, तसं ते बघणं होतं.

काकांनी तोंड उघडलं. लग्नाच्या अडतीस वर्षांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. तशी गरजच कधी पडली नव्हती. जी एक हाक होती तीच बाहेर आली.

"अगं..."

"काय हो?" पाठीमागून लगेच उत्तर आलं. प्रेमळ आवाज होता. तो बांधावरून आला नव्हता; गाळातूनच, काकांच्या पावलांपासून फार तर दोन हातांवरून आला होता.

भिंगातल्या बाईनंही तो ऐकला असावा. तिनं काकांच्या डोक्यावरून मागे पाहिलं, मग पुन्हा काकांकडे. आता हा काय करतो, ते बघायला थोडी थांबली. काकांना उठायचं होतं. हात गाळात कोपरापर्यंत गेले होते. निदान एक बोट तरी वर करावं असं त्यांच्या मनात आलं, आणि मागे कुणीतरी वाकल्याची सावली त्यांच्या हातांवर पडली, तसे ते आहे तिथेच पडून राहिले.

मग तिनं गुडघ्यावरचा हात काढला, शाल खांद्यावर नीट केली, पाठ फिरवली आणि एक शब्दही न बोलता पाण्याच्या दिशेनं चालायला लागली.